पाऱ्याचा आकडा एकटा पाठवू नका: ध्रुवांवरच्या प्राण्यांमधला पारा मोजणाऱ्यांना खुलं पत्र

नमस्कार मंडळी,

तुम्ही म्हणजे कोण ते आधी सांगते. आर्क्टिकमधल्या सीलच्या, बेलुगा व्हेलच्या, ध्रुवीय अस्वलाच्या आणि तिकडे खाली अंटार्क्टिकातल्या पेंग्विनच्या आणि स्कुआ नावाच्या शिकारी समुद्रपक्ष्याच्या अंगात पारा किती साठलाय हे लॅबमध्ये बसून मोजणारे सगळे, ते आकडे एकत्र करणारे नॉर्वेतल्या ट्रॉम्सोच्या ॲमॅपमधले (आर्क्टिकमधल्या प्रदूषणावर नजर ठेवणारा आंतरराष्ट्रीय कार्यक्रम) लोक, पाऱ्याचं प्रदूषण कमी करायच्या जागतिक मिनामाता कराराचा खरंच काही उपयोग होतोय का हे तपासणारे शास्त्रज्ञ, आणि सगळ्यात जवळचे म्हणजे आपल्या गोव्यातल्या वास्कोच्या एनसीपीओआरमधली, म्हणजे भारताच्या ध्रुव-संशोधन संस्थेतली मंडळी. मी तुमच्यातली नाही. मी नवी मुंबईतल्या एका लॅबमध्ये ११ वर्षं एक्सपोर्टच्या मासळीत पारा मोजलाय, टूना, सुरमई, माकूळ, जे येईल ते, दिवसाला चाळीस-चाळीस सँपल. ध्रुव मी पाहिलेला नाही. पण मशीन तेच आहे ना, निकेलची छोटी बोट, त्यात शंभर मिलिग्रॅम मांस, भट्टीत जाळलं की पाऱ्याची वाफ सोन्यावर जाऊन बसते, मग सोनं तापवलं की ती एकदम सुटते आणि २५३.७ नॅनोमीटरच्या प्रकाशात किती प्रकाश खाल्ला त्यावरून आकडा येतो. पाच-सहा मिनिटांत एक सँपल. तुमच्याकडे बोटीत सील असतो, आमच्याकडे सुरमई.

गेली तीन वर्षं मी तुमचे पेपर वाचतेय, रात्री घरचं सगळं आवरलं की, आणि मला तुमच्याशी एकाच गोष्टीवर बोलायचंय. तुमचा आकडा खूप वेळा एकटा येतो. कुठल्या अवयवातला, ओल्या वजनावर की सुक्या, प्राण्याचं वय काय, नर की मादी, एकूण पारा की मिथाइल पारा (पाऱ्याचं जास्त विषारी, अन्नातून शरीरात शिरणारं रूप), यातलं काहीतरी एक हमखास राहिलेलं असतं किंवा कुठेतरी शेवटच्या टेबलाच्या खाली बारीक अक्षरात पडलेलं असतं, आणि मग तोच आकडा सोबतीशिवाय बातमीत जातो, सरकारी कागदात जातो आणि शेवटी ज्या बाईच्या ताटात ते मांस आहे तिच्यापर्यंत पोचतो तेव्हा त्याचा अर्थ पार वेगळा झालेला असतो.

हे मी पुस्तकातलं सांगत नाहीये. माझ्या हातून झालंय. लॅबमध्ये लागून दुसरंच वर्ष होतं, टूनाची एक बॅच फ्रीझ-ड्राय करून, म्हणजे गोठवून पाणी काढून, पावडर स्वरूपात आली होती, मी मोजलं, १.९ आलं, आणि फॉर्ममध्ये ओल्या मांसाच्या रकान्यात १.९ मिलिग्रॅम प्रति किलो लिहून मोकळी झाले. टूनाची मर्यादा १ आहे. माल अडकला. नऊ दिवस. दहाव्या दिवशी माझ्या सीनियरने वहीत ओलावा पाहिला, ७४ टक्के, म्हणजे ताज्या मांसात पारा होता जेमतेम ०.५. तो व्यापारी काही मोठा नव्हता, दोन भावांचं काम, त्यातला धाकटा रोज सकाळी येऊन रिसेप्शनच्या बाकावर बसायचा, कोणाला काही बोलायचा नाही, नुसता बसायचा. त्याला काय सांगायचं हे मला तेव्हाही कळलं नाही आणि अजूनही कळलेलं नाही. मशीन बरोबर होतं, माझं वजन बरोबर होतं, आकडा बरोबर होता. एक शब्द चुकला होता, "सुकं".

आता हेच तुमच्याकडे बघा. ध्रुवावरचं सँपल लांबून येतं म्हणून ते बऱ्याचदा फ्रीझ-ड्रायच होतं, आणि तुम्ही सुक्या वजनावर आकडा देता, त्यात चूक काहीच नाही. पण समजा रिंग्ड सीलच्या स्नायूत सुक्या वजनावर २ मायक्रोग्रॅम प्रति ग्रॅम आलं, ओलावा ७५ टक्के, तर शिजवायला घेतलेल्या मांसात ते ०.५ होतं. जागतिक आरोग्य संघटना आणि एफएओच्या तज्ज्ञ समितीने २००३ मध्ये मिथाइल पाऱ्यासाठी आठवड्याला शरीराच्या दर किलोमागे १.६ मायक्रोग्रॅम ही मर्यादा दिली, म्हणजे ६० किलोच्या बाईला ९६ मायक्रोग्रॅम. ०.५ ने भागा, आठवड्याला साधारण १९० ग्रॅम मांस बसतं. २ ने भागा, ४८ ग्रॅम. दोन जेवणं आणि दोन घास एवढा फरक, आणि तो पडला कशाने तर रकान्याच्या मथळ्यावर एक शब्द नव्हता म्हणून. ओलाव्याची टक्केवारी प्रत्येक सँपलची वेगळी लिहा हो, सरासरी नको, प्रत्येकाची. वजन करायला दोन मिनिटं लागतात.

बरं, हा पारा तिथे जातो कसा हे आपल्या वाचणाऱ्यांसाठी थोडक्यात सांगते कारण त्यात आपण पण आहोत. कोळशात पारा असतो, अगदी थोडा, पण कोळसा आपण डोंगरच्या डोंगर जाळतो. चंद्रपूरच्या चिमणीतून निघालेली पाऱ्याची वाफ हवेत काही महिने, कधी वर्षभरसुद्धा तरंगत राहू शकते, तेवढ्यात पृथ्वीला फेऱ्या मारून होतात. संयुक्त राष्ट्रांच्या २०१८ च्या अहवालात २०१५ सालचा जगाचा मानवनिर्मित उत्सर्जनाचा आकडा सुमारे २,२२० टन आहे, त्यातला ३८ टक्के छोट्या सोन्याच्या खाणींमधून, २१ टक्के कोळशातून, आणि दक्षिण आशियाचा वाटा साधारण १० टक्के. आणि हे पूर्वी असं नव्हतं. ग्रीनलंडच्या ध्रुवीय अस्वलांचे १८९२ पासूनचे केस जपून ठेवलेत, असे जुने केस, जुने दात, जुनी पिसं आजच्याशी ताडून पाहिली तर आजच्या आर्क्टिक प्राण्यांमधल्या पाऱ्यापैकी सरासरी ९२ टक्क्यांहून जास्त हा माणसाने घातलेला आहे असं निघालं. तिथे कारखाने नाहीत, मोठी शहरं नाहीत. पाठवलेला आहे तो.

आणि हवेतून खाली कसा येतो ते तर मला वाचूनच अंगावर काटा आला होता. १९९५ च्या वसंतात कॅनडाच्या अगदी उत्तर टोकाला अलर्ट नावाच्या स्टेशनवर यंत्र लावलेलं होतं, काही महिन्यांच्या रात्रीनंतर सूर्य वर आला आणि हवेतला पारा एकाएकी गायब व्हायला लागला, काही तासांत जवळपास शून्य. यंत्र बिघडलं असंच कोणालाही वाटेल. पण समुद्राच्या बर्फावरच्या खाऱ्या थरातून ब्रोमीन सुटतं, उन्हात ते पाऱ्याला धरतं, त्याचं रूप बदलतं आणि तो बर्फावर बसतो. त्यातला बराचसा परत हवेत उडतो, काही राहतो, वितळलेल्या पाण्याबरोबर समुद्रात जातो, तिथे सूक्ष्म जीव त्याचा मिथाइल पारा करतात. मग शैवाल, मग बारीक जीव, मग आर्क्टिक कॉड, मग सील, मग अस्वल, दर पायरीवर वाढत वाढत. अंटार्क्टिकातलं आपलं मैत्री स्टेशन ज्या क्वीन मॉड लँडमध्ये आहे त्याच भागाच्या किनाऱ्यावर जर्मनीचं नॉयमायर स्टेशन आहे, तिथेही पुढे हेच दिसलं.

आता यकृताकडे येते, कारण माझ्या मते सगळ्यात जास्त गोंधळ इथेच होतो.

सील आणि व्हेलच्या यकृतात पारा भयंकर दिसतो, स्नायूच्या कित्येक पट. बातमी करायची असेल तर यकृताचाच आकडा उचलला जातो. पण हे प्राणी फार पूर्वीपासून मासे खाऊन पारा पचवत आलेत, त्यांच्या शरीराने त्यावर काहीतरी शोधून काढलंय, मिथाइल पाऱ्याचं मिथाइल तोडायचं आणि उरलेला पारा सेलेनियमशी बांधून टाकायचा. पारा आणि सेलेनियम एकास एक. त्याचे अगदी बारीक कण यकृतात साठत जातात, खनिजासारखे, टायमनाइट म्हणतात त्याला, आणि ते सहजी विरघळत नाहीत. हे १९७३ पासून माहीत आहे, सागरी सस्तन प्राण्यांच्या यकृतात पारा आणि सेलेनियमचं प्रमाण कसं जोडीने चालतं हे तेव्हाच छापून आलंय. म्हणजे म्हाताऱ्या सीलच्या यकृतातला मोठा आकडा हा बऱ्याच अंशी त्याने आयुष्यभर बांधून ठेवलेल्या पाऱ्याचा हिशोब आहे. स्नायूत उलटं, आकडा छोटा, पण त्यातला बहुतेक सगळा मिथाइल पारा, जो रक्तातून मेंदूत जातो आणि आईकडून पोटातल्या बाळाकडे जातो. तुम्ही दोन्हीकडे नुसता "एकूण पारा" लिहिला तर वाचणारा काय समजणार? यकृत म्हणजे विष आणि मांस म्हणजे ठीक, असं समजणार, आणि ते दोन्ही बाजूंनी अर्धवट आहे. सेलेनियम बांधलं गेलं म्हणजे प्राणी सुखरूप असंही नाही, कारण ते सेलेनियम शरीराला दुसऱ्या कामाला हवं असतं, ते पाऱ्यात अडकून बसलं.

मला माहितीये मिथाइल पारा वेगळा मोजणं सोपं नाही. आमच्याकडे त्यासाठी वेगळं मशीन घ्यायचं म्हणून फाइल चार वर्षं फिरली. मांस विरघळवा, इथायलेशन करा, जीसीवर वेगळं करा, एका सँपलचा खर्च एकूण पाऱ्याच्या कितीतरी पट. मी असं म्हणत नाही की प्रत्येक सँपलचं करा. पण यकृत असेल तर निदान काही सँपलचं करा आणि सोबत सेलेनियम मोजा, ते एवढं महाग नाही, आणि पारा-सेलेनियमचं प्रमाण मोलमध्ये द्या म्हणजे पुढच्याला पुन्हा गणित करायला नको. आणि चरबीचा आकडा कमी आला म्हणून त्यावर वेगळं कौतुक नको, पारा प्रथिनाला चिकटतो, चरबीत तो कमीच असणार, चरबीत पीसीबी नावाची कारखान्यांतली रसायनं असतात, त्याची यादी वेगळी.

वयाचं थोडक्यात. दात घ्या. सीलचा दात, बेलुगाचा दात, अस्वलाची ती छोटी निरुपयोगी दाढ, कापून थर मोजता येतात झाडाच्या खोडासारखे. यकृतातला पारा वयाबरोबर चढतो, त्यामुळे या वर्षी चार वर्षांचे सील मिळाले आणि पुढच्या वर्षी चौदा वर्षांचे मिळाले तर पारा "वाढला" असं दिसेल आणि वाढलेलं काहीच नसेल. शिकाऱ्याला जो सील मिळाला तो मिळाला, निवड आपल्या हातात नाही, म्हणून तर दात हवाच.

पिसं आणि केसांबद्दल मला जरा जास्त बोलायचंय कारण हे मला फार आवडतं, प्राणी न मारता मोजता येतं. पक्षी पिसं बदलताना रक्तातला पारा नव्या पिसात टाकतो, पीस वाढून पूर्ण झालं की त्याचा रक्ताशी संबंध तुटतो आणि आकडा तिथेच कायमचा बंद होतो. पेंग्विन तर वर्षातून एकदा सगळी पिसं एकदम बदलतो, म्हणजे त्याचं एक पीस म्हणजे साधारण मागच्या वर्षाची पाऱ्याची डायरी. पण ती डायरी कुठे लिहिली गेली ते पण सांगा ना. स्थलांतर करणारा पक्षी हिवाळ्यात हजारो किलोमीटर दूर समुद्रावर होता, पीस तिथे वाढलं, आणि आपण ते घरट्यापाशी उचलून "इथला पारा" म्हणून लिहिलं तर ते चुकीचं आहे. रक्त सांगतं अलीकडचं आणि इथलं, पीस सांगतं तेव्हाचं आणि तिथलं. आर्क्टिकमधल्या स्वालबार्ड बेटांवरच्या काँग्सफ्योर्डमध्ये, म्हणजे आपलं हिमाद्री स्टेशन ज्या न्यू-ऑलेसुंडला आहे त्याच फ्योर्डमध्ये, किटीवेक पक्ष्यांचं रक्त तपासलं होतं, २०१३ मध्ये ते छापून आलं, ज्या पक्ष्यांनी त्या वर्षी घरटंच केलं नाही त्यांच्या रक्तात पारा जास्त होता. हा निष्कर्ष पिसावरून काढता आला नसता. प्रश्न कुठला आहे त्यावरून काय घ्यायचं ते ठरतं.

आणि जुनी पिसं वापरणाऱ्यांना एक हात जोडून विनंती. म्युझियममधल्या जुन्या कातड्यांना कीड लागू नये म्हणून पूर्वी मर्क्युरिक क्लोराइड लावायचे. म्हणजे पारा वरून चोपडलेला. त्या पिसात एकूण पारा मोजला तर तुम्ही त्या पक्ष्याचा समुद्र मोजत नाही, कपाट सांभाळणाऱ्याचा ब्रश मोजता. तिथे मिथाइल पाराच मोजायला हवा, तो पक्ष्याच्या आतूनच आलेला असतो. ज्यांनी हे सांभाळलं त्यांनी तसं ठळक लिहावं, ज्यांना जमलं नाही त्यांनी तो आकडा जुन्या-नव्याच्या तुलनेत घालूच नये.

आहाराचं अजून एक. अलास्काच्या उत्तरेला दक्षिण ब्यूफोर्ट समुद्रातल्या ध्रुवीय अस्वलांच्या केसांत २००४ ते २०११ मध्ये पारा कमी होत गेला. वाचून मला आधी आनंद झाला, म्हटलं चला, कुठेतरी उतरतोय. पण पुढे वाचलं तर कारण हवा नव्हती. समुद्राचा बर्फ कमी झाला, अस्वलं किनाऱ्यावर जास्त वेळ काढायला लागली, आणि काक्टोविकसारख्या गावांजवळ शिकारीनंतर उरलेल्या बोहेड व्हेलच्या हाडांच्या ढिगावर पोट भरायला लागली. बोहेड बारीक जीव गाळून खाणारा देवमासा, साखळीत खालचा, त्याच्यात पारा कमी. ताट बदललं म्हणून आकडा उतरला. हे कळलं कशामुळे तर त्या लोकांनी पाऱ्यासोबत आहाराच्या खुणाही तपासल्या. आता तुम्हीच विचार करा, हा उतरलेला आकडा एकटाच मिनामाता कराराच्या टेबलावर गेला असता तर? "करार २०१७ मध्ये लागू झाला, त्याच्या आधीपासूनच पारा उतरतोय, ठीक चाललंय." आणि इकडे कोळशाच्या चिमण्यांना अजून चार वर्षं मुदत. म्हणून नायट्रोजन आणि कार्बनचे आयसोटोप (एकाच मूलद्रव्याचे हलके-जड अणू, त्यावरून प्राण्याने काय खाल्लं ते कळतं) घ्या, पाऱ्याच्या त्याच सँपलमधून, दुसऱ्या प्राण्यातून नाही.

आता ज्यांच्यासाठी हे सगळं आहे त्यांच्याकडे येते.

माझी वहिनी बाळंत झाली तेव्हा आमच्याकडे रत्नागिरीहून मोरी आली. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, मोरी म्हणजे छोटा शार्क, कोकणात बाळंतिणीला दूध यावं म्हणून मोरीचं कालवण देतात, पिढ्यान् पिढ्या. वहिनीने मला विचारलं, तू तर हेच मोजतेस ना, खाऊ का मी? आणि मला उत्तर देता येईना. शार्क शिकारी मासा, त्यात पारा जास्त चढतो हे मला माहीत, पण ही मोरी केवढी, किती वर्षांची, कुठल्या जातीची, आठवड्यातून किती वेळा खाणार, यावर सगळं आहे, आणि माझ्याकडे ११ वर्षांचे हजारो आकडे असून त्या ताटाला लागू पडेल असा एक पण नव्हता. शेवटी म्हटलं यावेळी बांगडा आणि तारली खा, छोटे मासे, त्यात कमी असतो. आई नाराज झाली. तिचं म्हणणं होतं की मी पण त्याच मोरीच्या कालवणावर वाढलेय, आणि तिला माझ्याकडे ठोस उत्तर नव्हतं.

म्हणून उत्तर अटलांटिकमधल्या फेरो बेटांचं वाचताना मला ते परकं वाटलंच नाही. तिथे पायलट व्हेलचं मांस म्हणजे सण, शेजाऱ्यांत वाटून घ्यायची गोष्ट, शेकडो वर्षांची. १९८६-८७ मध्ये जन्मलेल्या हजारभर मुलांच्या नाळेचं रक्त आणि आयांचे केस त्यांनी तपासले आणि ती मुलं मोठी होताना त्यांच्यासोबत राहिले, सात वर्षांची झाली तेव्हा भाषा, लक्ष, स्मरणशक्ती पाहिली, जितका पारा पोटात असताना जास्त तितकं मागे. हे काम करणारे पाल वायहे स्वतः तिथलेच. आणि २००८ मध्ये त्यांनी आणि मुख्य वैद्यकीय अधिकारी होग्नी डेबेस योएनसेन यांनी आपल्याच लोकांना सांगितलं की पायलट व्हेल आता माणसाने खाऊ नये. स्वतःच्या आजीच्या स्वयंपाकाबद्दल हे बोलायला काय लागलं असेल. पण ते बोलू शकले कारण त्यांच्याकडे आकड्यासोबत आई होती, मूल होतं, वय होतं, ताट होतं.

आणि दुसरीकडे कॅनडाचा नुनाविक, उत्तरेतला इन्युइट लोकांचा प्रदेश. तिथे बायकांच्या रक्तातला बराचसा पारा बेलुगाच्या मांसातून येतो असं निघालं, तर आरोग्यवाल्यांनी शिकारीचं अन्नच सोडा असं नाही म्हटलं. मूल होण्याच्या वयातल्या बायकांना सांगितलं बेलुगाचं मांस कमी करा आणि आर्क्टिक चार मासा खा, त्यात पारा कमी. हे किती मोठं आहे बघा. कारण उत्तरेत दुकानातलं अन्न प्रचंड महाग, आणि सील सोडून माणूस काय खाणार तर पाकिटातलं गोड आणि खारट. सीलमध्ये लोह आहे, चांगली चरबी आहे, आणि बापाने मुलाला शिकवायची एक पूर्ण विद्या आहे. "आर्क्टिकच्या सीलमध्ये धोकादायक पारा" अशी एक ओळ बातमीत आली की ते सगळं एका फटक्यात संशयात जातं. अवयव नाही, वय नाही, गाव नाही, जात नाही. कुठला सील, कुठलं मांस? ज्या रेझोल्यूट बे, अर्विआट, सॅक्स हार्बरच्या शिकाऱ्यांनी थंडीत बोटं गारठवून तुमच्या पिशव्या भरून दिल्या, लेबल लावली, दात काढून दिला, त्यांना तो आकडा बातमीतून कळता कामा नये. पेपर छापायच्या आधी गावाला कळवा, त्यांच्या भाषेत, ओल्या वजनावर, आठवड्याला किती ग्रॅम अशा हिशोबात. काही कार्यक्रमांत हे होतं हे मला माहीत आहे, कॅनडाचा नॉर्दर्न कंटॅमिनंट्स प्रोग्राम १९९१ पासून गावांसोबत काम करतोय. ते सगळीकडे व्हावं एवढंच.

लॅबमधल्या लॅबमध्ये एक बोलते. तुमच्या पेपरमध्ये "सर्टिफाइड रेफरन्स मटेरियलची रिकव्हरी समाधानकारक" एवढंच लिहिलेलं असतं तेव्हा मला त्रास होतो. म्हणजे ज्यातला पारा आधीच माहीत आहे ते सँपल मोजून त्याच्या किती टक्के आकडा आला, ते. किती? ९२ की १०८? कुठलं मटेरियल? सगळ्यांना माहितीये डोल्ट वापरतात, कॅनडाचं, डोल्ट म्हणजे डॉगफिशचं यकृत, छोटाच शार्क तो, आपल्या मोरीच्या नात्यातला. यकृताच्या सँपलला ते ठीक. पण पिसाला, केसाला यकृत लावून कसं चालेल, पीस-केस ज्याचे बनतात ते केराटिन वेगळं जळतं. आणि म्हाताऱ्या सीलचं यकृत मशीनमधून गेलं की मागे पारा राहतो, पुढच्या दोन-तीन बोटी वर दाखवतात, हे आपण सगळे जाणतो. मध्ये ब्लँक, म्हणजे सँपलशिवायच्या रिकाम्या बोटी, किती लावल्या ते लिहा. पिसाचा आकडा यकृताच्या मागून आला असेल तर तो मला नकोय.

आता वास्कोच्या मंडळींनो, तुमच्याशी मराठीत आणि मोकळेपणी.

६ डिसेंबर १९८१ ला डॉ. कासिम यांच्या नेतृत्वाखालची अंटार्क्टिकाची पहिली भारतीय तुकडी गोव्याहूनच निघाली होती. पहिलं स्टेशन दक्षिण गंगोत्री झालं, १९८९ मध्ये मैत्री, २०१२ मध्ये लार्समन हिल्सला भारती, आणि वर उत्तरेला २००८ पासून हिमाद्री. २०१३ पासून भारत आर्क्टिक कौन्सिलचा, म्हणजे आर्क्टिक देशांच्या मंचाचा, निरीक्षक आहे, १८ जून २०१८ ला मिनामाता करार आपण मंजूर केलाय. म्हणजे आपण पारा सोडणारे पण आहोत, कराराच्या टेबलावर पण आहोत आणि दोन्ही ध्रुवांवर आपली माणसं पण आहेत. हे तिन्ही ज्यांच्याकडे आहे असे देश मोजकेच. म्हणून माझी मागणी तुमच्याकडे जास्त आहे.

भारतीच्या आसपास अडेली पेंग्विन आहेत, स्नो पेट्रेल आहेत, स्कुआ आहेत. पडलेली पिसं. दरवर्षी, त्याच जागेवरून, त्याच महिन्यात, त्याच पद्धतीने, अंटार्क्टिक कायद्याची परवानगी काढून. दहा-पंधरा वर्षं सलग झाल्याशिवाय चढ-उतार सांगता येत नाही, दोन वर्षांच्या प्रोजेक्टमध्ये हे होतच नाही, प्रोजेक्ट संपला की मुलगी दुसरीकडे जाते आणि डबे फ्रीझरमध्ये कोणाचे ते कोणाला माहीत नसतं. म्हणून ते प्रोजेक्ट म्हणून करू नका, हवामानाच्या नोंदीसारखं करा, जे कोणी आलं गेलं तरी चालूच राहतं. स्कुआ सगळ्यात वरचा, तो पेंग्विनची अंडी-पिल्लंही खातो, त्याचं पीस आणि त्याच वसाहतीतल्या पेंग्विनचं पीस शेजारी शेजारी ठेवलं तर एका पायरीत पारा किती चढला हे आपलं आपल्याला कळेल. आणि प्रत्येक सँपलचा अर्धा भाग न मोजता ठेवून द्या. आज आपल्याकडे जे मशीन नाही ते वीस वर्षांनी असेल, पाऱ्याचे आयसोटोप मोजून तो कोळशातला की कुठला याचा अंदाज आत्ताच बांधता येऊ लागलाय, पण तेव्हा २०२६ चं पीस कुठून आणणार?

आणि तो सगळा तक्ता उघडा ठेवा. कच्चा, पूर्ण, ओलाव्यासकट, ब्लँकसकट, बिघडलेल्या दिवसांसकट. त्याच्याच शेजारी कोळशाच्या वीज केंद्रांचे पाऱ्याचे आकडे ठेवा, २०१५ च्या डिसेंबरमध्ये आपल्या पर्यावरण मंत्रालयाने चिमणीसाठी ०.०३ मिलिग्रॅम प्रति घनमीटर ही मर्यादा घातली आहेच, मग ती कोण पाळतंय तेही त्याच पानावर दिसू दे. चंद्रपूरच्या मुलीला एका पानावर आपल्या गावाची चिमणी आणि भारतीजवळचा स्कुआ दोन्ही दिसायला हवेत.

मला पिसं धुवायला, वजन करायला, ब्लँक लावायला बोलावलंत तर मी रजा टाकून येईन, वास्को काही लांब नाही, रात्रीच्या गाडीत बसलं की सकाळी. पिसं आधी क्लोरोफॉर्म-मिथेनॉलने धुवायची, वरचं तेल आणि धूळ जाते, मग ओव्हनमध्ये वाळवायची, आणि कुठल्या द्रावणाने किती वेळा धुतलं तेही लिहायचं. डब्यांवरची लेबलं मात्र पेन्सिलने लिहा आणि एक चिठ्ठी डब्याच्या आत पण टाका. मार्करची शाई इथेनॉलच्या एका थेंबाने जाते, माझे असे ६३ डबे फुकट गेलेत, त्यातला एकही मला परत मिळवता आला नाही.

आपली,
मासळीतला पारा मोजणारी एक केमिस्ट, नवी मुंबई